डोंगरी ओढ्यांतील पाणउंदीर

उंदीर हा शब्द उच्चारतांच शहरांतील गृहस्थाच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें तें फारसें प्रसन्न नसतें. कुरतडलेलें पुस्तक, भोंक पडलेलें धान्याचें पोतें, फडताळामागची खुडबुड आणि सकाळीं बाहेर नेऊन रिकामा करावयाचा पिंजरा, एवढ्यांत त्या प्राण्याचें सारें चरित्र संपतें. प्लेगाच्या दिवसांच्या आठवणी ज्या घराण्यांत अद्याप सांगितल्या जातात, तेथें तर या नांवाला भीतीची किनारहि आहे. वर्षांतून एकदां, भाद्रपदांत, गणपतीच्या पायांशीं त्याला मानाची जागा मिळते खरी. पण मूर्तीचें विसर्जन झालें कीं त्याचें वाहन पुन्हां शत्रूच्या यादींत जाऊन बसतें.

परंतु घरांत शिरणारे उंदीर आणि घुशी हे एका अफाट कुळाचे फार थोडे प्रतिनिधि होत. कुरतडून खाणाऱ्या प्राण्यांच्या या वर्गांत खारीहि येतात आणि साळींदरहि येतें. त्याच्या दोन हजारांहून अधिक जाति शास्त्रज्ञांनीं नोंदविल्या आहेत. पृथ्वीवरील सस्तन प्राण्यांच्या शंभर जाति घेतल्या, तर त्यांतील सुमारें ४० या एकट्या वर्गाच्या निघतात. त्यांपैकीं मनुष्याच्या घराशीं आणि शेताशीं वैर धरणाऱ्या जाति मूठभरच. बाकीच्यांना मनुष्याच्या कणगीशीं कांहींहि कर्तव्य नाहीं. कोणी वाळवंटांत राहून दाण्यांतल्या ओलाव्यावर तहान भागवितो. कोणी झाडाच्या शेंड्यावर जन्म काढतो. आणि कोणी डोंगरांतल्या थंडगार ओढ्यांत बुडी मारून आपलें पोट भरतो. अशाच एका ओढ्यांतल्या उंदराची ही हकीकत आहे. त्याला शास्त्राच्या दफ्तरांत नांव मिळालें तें २०१४ सालीं. म्हणजे मनुष्य चंद्रावर जाऊन आल्याला ४५ वर्षें होऊन गेल्यावर.

त्या उंदराचा देश सुलावेसी. सुमात्रा, जावा, बोर्निओ अशी जी पूर्वेकडील बेटांची मोठी रांग, तींत बोर्निओच्या पलीकडे, मकासरच्या सामुद्रधुनीनें विभागलेलें हें बेट आहे. जुन्या नकाशांत त्याचें नांव सेलेबीझ असें छापलेलें आढळतें; आज तें इंडोनेशियाच्या राज्यांत मोडतें. चार लांब द्वीपकल्पें मध्यभागीं एका गांठींत बांधावीं, तसा त्याचा चमत्कारिक आकार आहे. बहुतेक भूमि डोंगराळ असून विषुववृत्त त्याच्या उत्तरेकडील भागांतून जातें. त्यामुळें सखल प्रदेशांत दमट उष्मा, आणि तीन हजार मीटरांच्या शिखरांवर मात्र बारमाही धुकें व गारवा, असे दोन ऋतु तेथें एकाच वेळीं एकावर एक नांदत असतात.

या बेटाकडे प्राणिशास्त्रज्ञांचें लक्ष प्रथम वेधलें तें आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गवेत्त्यानें. १८५४ ते १८६२ या आठ वर्षांत तो या द्वीपसमूहांत हिंडत होता, आणि १८५६ सालीं त्यानें मकासरच्या किनाऱ्यावर पाय ठेविला. एका बाजूस बोर्निओ जवळ असतां तेथील वाघराचें कुळ, हत्ती, गेंडा यांपैकीं कोणीहि या बेटावर नाहीं. दुसऱ्या बाजूस ऑस्ट्रेलियाच्या धाटणीचे पिशवीवाले प्राणी अगदीं थोडे. आणि जे प्राणी आहेत ते मात्र दुसऱ्या कोणत्याच देशाशीं नीट न जुळणारे, हें पाहून तो विस्मित झाला. याचें कारण समुद्राच्या खोलींत आहे. हिमयुगांत जेव्हां समुद्राची पातळी शंभर मीटरांहूनहि खालीं गेली, तेव्हां सुमात्रा, जावा आणि बोर्निओ हीं बेटें कोरड्या जमिनीनें आशियाखंडाला जोडलीं गेलीं. तिकडे न्यूगिनी ऑस्ट्रेलियाला मिळाली. सुलावेसीभोंवतींचें पाणी इतकें खोल कीं तें बेट तेव्हांहि एकटेंच राहिलें. निदान १ कोटि वर्षें तरी त्याचें हें एकटेपण टिकलें आहे.

असल्या ठिकाणीं जो कोणी प्राणी कधींकाळीं वाहत्या झाडाच्या खोडावर बसून येऊन पोंचला असेल, त्याच्या संततीला मोकळें रान मिळालें. उंदरांच्या बाबतींत तेथें नेमकें हेंच घडलें. २०१४ सालच्या गणनेप्रमाणें सुलावेसीवर उंदीर आणि खारी मिळून मूळच्या ५० जाति होत्या, आणि त्या पन्नासांपैकीं एकहि जाति जगाच्या पाठीवर दुसरीकडे कोठेंहि सांपडत नाहीं. घरांतला उंदीर तेथेंहि आहे. पण तो गलबतांतून गेलेला पाहुणा, त्याची गणना यांत नाहीं.

या बेटाच्या पश्चिम भागांत ममासा नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. दऱ्यांतून भाताचीं खाचरें, उतारांवर कॉफीच्या बागा, लांकडी घरांचीं गांवें आणि गांवांच्या वर चढत गेलेलें घनदाट रान, असें त्या प्रांताचें स्वरूप आहे. त्याच्या माथ्यावर तीन हजार मीटरांहून उंच असा एक पर्वत उभा आहे. त्याचें नांव गंडंग देवता. यांतील 'गंडंग' म्हणजे नगारा, आणि 'देवता' हा शब्द तर भाषांतर करून सांगण्याची गरजच नाहीं. शेंकडों वर्षांपूर्वीं संस्कृत भाषा समुद्र ओलांडून गेली तेव्हां हा शब्द तिकडे रुजला आणि अद्याप तिथल्या डोंगराच्या कपाळावर आहे. देवांचा नगारा अशा अर्थाच्या या पर्वताच्या कुशींत आपल्या उंदराचें घर आहे.

उष्ण कटिबंधांतलें डोंगरी अरण्य हें सखल प्रदेशांतल्या रानाहून वेगळें असतें. झाडें उंचीनें कमी पण अंगानें गांठाळ. त्यांच्या फांद्यांवर शेवाळाचे जाड थर आणि त्यांतून ठिबकणारें पाणी. पाऊस थांबला तरी धुकें पानांवर बसून थेंबाथेंबानें खालीं उतरत राहतें. पायांखालची जमीन कुजलेल्या पानांच्या थरानें लुसलुशीत झालेली असते आणि पाऊस पडला कीं ती स्पंजासारखी पाणी पिऊन घेते. मग तेंच पाणी ती सावकाश, गाळून, थंड करून ओढ्यांत सोडते. म्हणून असा ओढा मुसळधार पावसानंतरहि लवकर निवळतो आणि पाऊस नसतांहि आटत नाहीं.

वरून पाहणाराला त्या ओढ्यांत केवळ दगड आणि फेंस दिसतो. पण एखादा दगड उलटून त्याची खालची बाजू पाहिली तर तेथें एक निराळीच वस्ती असते. चतुरासारख्या उडत्या कीटकांचें बालपण पाण्यांत जातें. त्यांच्या अळ्या आणि पिल्लें दगडांच्या आडोशाला चिकटून राहतात. कोणी वाहून येणारा पाचोळा खातात, कोणी दगडावरचें शेवाळ खरवडतात, कोणी एकमेकांना खातात. रानांतून गळालेलें पान ओढ्यांत पडतें, अळी तें खाते, आणि अळीला खाणारा कोणी तरी तिच्या मागावर असतो. बहुतेक देशांत हें काम मासे आणि पक्षी करतात. ममासाच्या ओढ्यांत त्या मेजवानीला आणखी एक पाहुणा येतो, आणि तो उंदीर आहे.

ममासाचे रहिवासी तोराजा लोकांच्या भाषाकुळांतील बोली बोलतात. त्यांच्या बोलींत उंदराला 'बालाओ' आणि पाण्याला 'वाई' म्हणतात. म्हणून या प्राण्याचें नांव 'बालाओ वाई', म्हणजे पाणउंदीर. त्या लोकांना हा प्राणी पिढ्यान्पिढ्या माहीत होता. इतकेंच नव्हे, तर घराचें आगीपासून रक्षण करण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं असतें, अशी त्यांची समजूत आहे. लांकडी घरांत राहणाऱ्या आणि चुलीच्या ठिणगीला भिणाऱ्या माणसांनीं, जो जन्मभर पाण्यांत वावरतो त्याच्याकडे रक्षणाची विनंति करावी, यामागचा तर्क समजणें कठीण नाहीं. शास्त्राच्या दृष्टीनें त्या समजुतीचें मोल कांहींहि असो. तिच्यामुळें एक गोष्ट मात्र निश्चित ठरते. ज्या प्राण्याभोंवतीं लोकसमजूत वाढली, तो प्राणी त्या लोकांनीं नीट पाहिलेला होता आणि इतर उंदरांहून तो वेगळा आहे हें ओळखलेलें होतें.

शास्त्रज्ञांना मात्र त्याची वार्ता नव्हती. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ गाय मसर यांनीं १९७०-८० या दशकांत सुलावेसीच्या रानांत कित्येक महिने मुक्काम ठोकून तिथल्या उंदरांचा असा अभ्यास केला कीं त्यावर पुढील पिढीचें सारें ज्ञान उभें राहिलें. तरी पाणउंदीर त्यांच्याहि हातीं लागला नाहीं. अखेर ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथील वस्तुसंग्रहालयाचे केव्हिन रो, जावांतील बोगोर येथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाचे अनंग अचमादी आणि अमेरिकेंतील जेकब एसेल्स्टिन या तिघांनीं गंडंग देवतेच्या उतारावर मिळालेल्या नमुन्यांवरून त्याचें रीतसर वर्णन २०१४ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांनीं त्याला 'वायोमिस ममासी' असें नांव दिलें. गांवकऱ्यांचा 'वाई' हा शब्द पुढें घेतला, उंदीर या अर्थाचा ग्रीक 'मिस' हा शब्द त्याला जोडला, आणि प्रांताच्या नांवानें ओळख पुरी केली. हा ग्रीक 'मिस' आणि संस्कृतांतील 'मूष' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत. तेव्हां मूषक या शब्दाशीं ज्याची ओळख आहे त्याला हें नांव अगदींच परकें वाटण्याचें कारण नाहीं.

नांव ठेवणें हा शास्त्रांतला सोपा भाग. खरा प्रश्न पुढें उभा राहिला : हा उंदीर कोणाचा? त्याचे भाऊबंद कोण? वरवर पाहतां उत्तर उघड होतें. पूर्वेस न्यूगिनी बेट आहे आणि तेथें पाणउंदरांचें एक नामांकित कुळ नांदतें. त्यांतील 'क्रॉसोमिस' नांवाचा उंदीर तर पाण्याला इतका सरावलेला आहे कीं त्याचे बाहेरचे कान जवळजवळ नाहींसे झाले आहेत. सुलावेसीच्या उंदराची ठेवण याच वळणाची. तेव्हां न्यूगिनींतून एखादें कुटुंब कधींकाळीं इकडे आलें असेल, असें मानणें स्वाभाविक होतें.

परंतु प्राण्याच्या नात्याचा निर्णय आतां केवळ चेहऱ्यावरून होत नाहीं. प्रत्येक पेशींत जें आनुवंशिक द्रव्य असतें, तें वाचण्याची विद्या शास्त्राला साध्य झाली आहे. खोट्या वंशावळी कोर्टांत टिकत नाहींत, तशीं खोटीं साम्यें या परीक्षेंत टिकत नाहींत. ममासाच्या उंदराची ही वंशावळ वाचली तेव्हां न्यूगिनीच्या पाणउंदरांशीं त्याचें जवळचें नातें नाहीं, असें ठरलें. त्याचे सगेसोयरे सुलावेसीवरच निघाले, आणि तेहि पाण्यांतले नव्हत. रानांतल्या ओल्या जमिनीवर हिंडणारे, चिचुंद्रीसारख्या लांब तोंडाचे उंदीर.

या चिचुंद्री-उंदरांचीं चरित्रेंहि कमी नवलाचीं नाहींत. दाणे कुरतडण्याचा पिढीजात धंदा सोडून ते गांडुळें आणि किडे खाऊं लागले. त्यांतील एकाचा शोध याच शास्त्रज्ञांनीं २०१२ सालीं जाहीर केला. त्याला दाढाच नाहींत. उंदराच्या कुळांत जन्मून ज्याला एकहि दाढ नाहीं, असें हें विरळें उदाहरण. गांडूळ चावावें लागत नाहीं, गिळलें तरी भागतें. तेव्हां चावण्याचें हत्यार हळूहळू गळून पडलें. अशा किडे-गांडुळें टिपणाऱ्या कुळांतला कोणी एक पूर्वज ओल्या पाचोळ्यांत भक्ष्य शोधतां शोधतां ओढ्याच्या कांठाला आला असावा. कांठावरून दगडाखालीं हात घालणें आणि पुढें पाण्यांत तोंड बुडविणें, हा अशा जिवाला एका पावलाचाच प्रवास. तें पाऊल टाकावयास हजारों पिढ्या लागल्या असतील. पण दिशा एकदां ठरली कीं पुढचें काम पाणीच करतें.

पाणी हें काम कसें करतें, तें पाहण्यासारखें आहे. लहान प्राण्याला थंड पाण्यांत पहिला धोका बुडण्याचा नसून गारठण्याचा असतो. अंगांतली ऊब पाणी हवेपेक्षां २० पटींहून अधिक वेगानें ओढून घेतें, आणि शरीर जितकें लहान तितकी ती लवकर संपते. म्हणून ज्याच्या अंगावर मऊ, आंखूड आणि दाट लव आहे तोच टिकतो. कारण त्या लवेंत हवेचा पातळ थर अडकून राहतो आणि पाणी कातडीला लागत नाहीं. मोठे कान पाण्यांत अडचणीचे, ते लहान होत जातात. खळाळत्या अंधाऱ्या पाण्यांत डोळ्यांचा उपयोग थोडा; त्यांची जागा ताठ, दाट मिशा घेतात, आणि अळीच्या हालचालीचा वेध त्यांवरून लागतो. मागचे पाय रुंद होतात आणि त्यांच्या कडांना राठ केसांची झालर येते. पाय मागें सारला म्हणजे ती वल्ह्यासारखी पसरते. शेंपटाच्या खालच्या अंगाला केसांची ओळ येऊन तें सुकाणूचें काम करूं लागतें. हा सारा पोशाख कमीअधिक प्रमाणांत प्रत्येक डोंगरी पाणउंदराच्या अंगावर असतो.

आणि असे उंदीर एकाच देशांत नाहींत, हीच यांतली मोठी गोष्ट. दक्षिण अमेरिकेंत अँडीज पर्वताच्या ओढ्यांत पाणउंदरांचा एक गट राहतो. 'मत्स्य-उंदीर' या अर्थाचें नांव त्यांतील एकाला १८९३ सालीं देण्यांत आलें, पण या गटाचें जेवण मुख्यतः खेकडे आणि पाणकिडे यांचेंच असतें. इक्वेडोरच्या उंच ओढ्यांतील त्यांचा एक भाईबंद इतका 'बिनकानी' आहे कीं त्याच्या शास्त्रीय नांवाचा अर्थच तसा आहे. आफ्रिकेंत, कांगो नदीच्या खोऱ्याच्या आसपास, लांब पायांचा एक उंदीर उथळ ओढ्यांत बगळ्यासारखा उभा राहतो, मिशा पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवितो आणि खालून कांहीं हाललें कीं झडप घालतो. अँडीजच्या उंदरांचें आणि सुलावेसीच्या उंदरांचें मूळ कुळ फुटून सुमारें २ कोटि वर्षें झालीं. त्यांची कधीं गांठ पडली नाहीं, पडणें शक्यहि नव्हतें. तरी एकाची लव, मिशा, पाय, शेंपूट हीं दुसऱ्यासारखीं झालीं.

कोंकणांतल्या कोळ्याची होडी आणि दूरच्या कोणत्या तरी बेटावरच्या कोळ्याची होडी शेजारीं ठेवून पाहिली तर दोहोंचीहि नाळ निमुळती असते. एकानें दुसऱ्याची नक्कल केलेली नसते. दोघांनाहि एकाच पाण्यांतून वाट काढावयाची असते, आणि लाट कोणत्याहि भाषेंत तेवढाच आकार मान्य करते. ओढ्याचेंहि तसेंच आहे. वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या कुळांतल्या उंदरांना त्यानें एकाच सांच्यांतून काढलें. शास्त्रज्ञ याला समाभिमुख उत्क्रांति म्हणतात. तेव्हां या उंदराचा खरा शिल्पकार ओढा आहे. आणि ज्याला ओढ्यानें घडविलें, त्याचें भवितव्यहि ओढ्याशींच बांधलेलें असणार.

येथें ही हकीकत जरा गंभीर वळण घेते. सह्याद्रीच्या पायथ्याशीं ज्यांनीं पावसाळा काढला आहे, त्यांनीं उघड्या डोंगरावरून येणारें लाल पाणी पाहिलेलें असतें. झाडें तुटलीं कीं जमिनीचा स्पंज नाहींसा होतो. पाऊस माती घेऊन धांवत सुटतो. ती माती ओढ्याच्या तळाशीं बसते आणि दगडांमधल्या फटी लिंपून टाकते. त्या फटींतच अळ्यांची वस्ती असते. सांवली गेल्यामुळें पाणी तापतें, आणि तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मुरतो. ओढा वाहत राहतो. पुलावरून जाणाराला त्यांत कांहीं उणें झालेलें दिसत नाहीं. पण दगडाखालचें घर ओस पडलेलें असतें, आणि त्या घरावर पोसणाऱ्या उंदराला दुसरा ओढा गांठण्यासाठीं कोरडा डोंगर ओलांडून जावें लागतें. घरांतला उंदीर आगगाडींतून, गलबतांतून जगभर पसरला. पाणउंदराला एका दरींतून दुसऱ्या दरींत जाणेंहि जड. पाण्यासाठीं त्यानें जें जें कमावलें, तें जमिनीवर त्याच्या फारसें उपयोगीं पडत नाहीं.

ही भीति काल्पनिक नाहीं. तिचें एक उदाहरण इथिओपियांत घडलेलें आहे. १९२७ सालीं शिकागो येथील फील्ड म्यूझियमची एक तुकडी त्या देशांत हिंडत होती. छोटी अबाई नांवाची नदी, जिला निळ्या नाईलचें उगमस्थान मानतात, तिच्या झऱ्यांजवळ सुमारें २,६०० मीटर उंचीवर त्यांना एक पाणउंदीर मिळाला. तुकडीचे प्रमुख विल्फ्रेड ऑसगुड यांनीं १९२८ सालीं त्याचें वर्णन केलें आणि 'नाईलच्या उगमाचा उंदीर' अशा अर्थाचें ग्रीक नांव त्याला दिलें. शिशासारख्या करड्या रंगावरून दुसरें नांव जोडलें. नांव मोठें डौलदार होतें. पण त्यानंतर त्या उंदराचा दुसरा नमुना कोणाच्याहि हातीं आला नाहीं. त्या भागांतील रान शेतीनें आणि गुरांच्या चराईनें बहुतेक नाहींसें झालें आहे, आणि हा उंदीर अत्यंत संकटांत सांपडलेल्या जातींच्या यादींत आहे.

२०२० सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं शिकागोच्या कपाटांतील त्या एकुलत्या एका नमुन्यांतून आनुवंशिक द्रव्य मिळवून वाचलें. ९३ वर्षांच्या त्या वाळलेल्या अवशेषांनीं आपलें नातें बरोबर सांगितलें : मिशा पाण्यावर टेकवून उभा राहणारा आफ्रिकेचा जो लांबपाया उंदीर, त्याच्याच घराण्याची ही जवळची शाखा निघाली. त्याच अभ्यासांत त्या लांबपायांच्या दोन नव्या जातीहि उजेडांत आल्या, आणि त्यांपैकीं एकीला कांगोचे पुढारी पॅट्रिस लुमुंबा यांचें नांव देण्यांत आलें. नाईलच्या उगमाच्या उंदराचें गोत्र कळलें, प्रवर कळलें. पण तो काय खातो, पोरें कशीं वाढवितो, ओढ्याच्या कोणत्या कांठाला बीळ करतो, हें विचारावयास समोर कोणी नाहीं. वंशावळ पुरी झाली आणि घराला मात्र कुलूप, अशी ही स्थिति.

ममासाचा उंदीर यापेक्षां भाग्यवान म्हटला पाहिजे. त्याला नांव मिळालें तेव्हां त्याचें रान उभें होतें. दोनच वर्षांनीं, २०१६ सालीं, गंडंग देवता पर्वत आणि भोंवतालचें अरण्य इंडोनेशियाच्या सरकारनें राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केलें. त्याच वर्षीं त्याच पर्वतावरील आणखी एका नव्या उंदराचें वर्णन प्रसिद्ध झालें, आणि त्याच्यासाठींहि शास्त्रज्ञांना एक नवें गोत्र मांडावें लागलें. एका डोंगरानें थोड्या वर्षांत इतकीं नवीं नांवें द्यावीं, यावरून त्याच्या दऱ्यांत अजून काय दडलें असेल याची कल्पना येते.

अर्थात् उद्यानाची पाटी लागली म्हणजे ओढा सुरक्षित झाला, असें समजण्याचें कारण नाहीं. डोंगराच्या अंगावर राहणाऱ्या माणसांनाहि भात हवा, कॉफी हवी, घराला लांकूड हवें. त्यांच्या गरजा शहरांतल्या माणसाच्या गरजांपेक्षां कमी खऱ्या नाहींत. पण खाचरांना लागणारें पाणीहि त्याच रानाच्या स्पंजांतून झिरपून येतें, हीहि गोष्ट तितकीच खरी. ज्या ओढ्यांत पाणउंदीर जगतो, तो ओढा खालच्या गांवालाहि निवळ पाणी देतो. तो नाहींसा झाला, तर तोटा केवळ उंदराचा होत नाहीं. फक्त उंदराला तो आधीं कळतो.

शिवाय या हकीकतींत शास्त्रज्ञांनाहि एक धडा आहे. बालाओ वाई हा प्राणी सांपडला तो कोणत्या अज्ञात प्रदेशांत नव्हे. तो गांवकऱ्यांच्या बोलींत होता, त्यांच्या घराच्या रक्षणाच्या समजुतींत होता. त्याला स्वतःचें नांवहि होतें. त्या नांवाचा अर्धा भाग घेऊनच शास्त्रानें आपलें नांव सिद्ध केलें. इथिओपियाच्या उंदराला जगानें ग्रीक नांव दिलें आणि त्याचें रान गमावलें. सुलावेसीच्या उंदराला गांवाचें नांव आहे, शास्त्राचें नांव आहे, आणि आजमितीला ओढाहि आहे. या तिहींपैकीं पहिलीं दोन पुस्तकांत जपून ठेवतां येतात. तिसरा मात्र डोंगरावरच जपावा लागतो.

रात्रीं फडताळामागें खुडबुड ऐकूं आली म्हणजे गृहस्थानें सापळा जरूर लावावा. धान्याचें रक्षण हें त्याचें कर्तव्यच आहे. पण त्याच वेळीं हजारों मैलांवर, देवांच्या नगाऱ्याच्या पायथ्याशीं, त्याच विशाल कुळांतला एक दूरचा नातलग थंड पाण्यांत मिशा बुडवून दगडाखालच्या अळीचा कानोसा घेत असेल, एवढें त्याच्या ध्यानांत राहिलें, तरी उंदीर या शब्दाचा अर्थ त्याच्यापुरता थोडा मोठा झाला असें म्हणतां येईल.